फणसाच्या वळणाचा राखणदार

शिरधनकर सर वर्गात बोलता बोलता मध्येच थांबायचे. आमची शाळा मुंबई-गोवा हायवेला लागून, पालीच्या पुढे लांज्याच्या अलीकडे. लांज्याच्या बाजूने एखादा ट्रक उतार उतरू लागला, की सर खडू हातात धरून गप्प उभे राहत. ट्रक फणसाच्या वळणाशी आला, गिअर बदलल्याचा आवाज ऐकू आला, वळण सुखरूप पार झालं, की वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे. "पाण्याची वाफ," मग ट्रक, मग "होताना उष्णता लागते." पोरंही खाली माना घालून आवाज ऐकत बसायची. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना वाटलं, मास्तर विसरले. त्यांनी मागच्या बाकावरून हळूच शब्द सुचवला. सर म्हणाले, "शब्द माहीत आहे साहेब. ट्रक जाऊ दे."

मी त्या शाळेत मराठी शिकवायची. रोज रत्नागिरीहून एसटीने यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची. सरांचं सगळं चरित्र मला ठाऊक नाही. मालगुंडकडचे होते, लग्न केलेलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची स्टाफरूममध्ये कुणाची टाप नव्हती. उंच, काटकुळे, पांढरा सदरा-पायजमा, आणि पाऊस असो नसो, काखेत छत्री. विज्ञान आणि गणित शिकवत. देव मानत नसत. बरं, मानत नाही हे मनात ठेवावं, तर तेही नाही. आणि अशा माणसाने भाड्याने खोली कुठे घ्यावी, तर बाबू गुरवाच्या पडवीत. बाबू हा आमच्या गावच्या ग्रामदेवतेचा पुजारी. सकाळी बाबू आत घंटा वाजवी आणि सर बाहेर रेडिओ मोठा करत. भांडण मात्र कधी झालं नाही. बाबूच्या घरची आंबोळी सरांना फार आवडे, आणि सरांचा नास्तिकपणा बाबू ताप आलेल्या पोराच्या बडबडीइतकाच मनावर घेई.

रस्त्याने चालताना सर नेहमी उजव्या हाताने चालत, गाड्यांच्या तोंडाला तोंड देऊन. मी डावीकडून चालताना दिसले की पलीकडून ओरडत, "बाई, मरण पाठीमागून आलेलं चालेल का तुम्हाला?" मला ते अजिबात आवडत नसे. आठवीच्या पोरांना ते वेग शिकवत तेव्हा एक दगड टेबलावरून ओल्या मातीत टाकत आणि तोच दगड मग शाळेच्या कौलांवर चढून टाकत. खड्डे बघायला लावत. "वेग दुप्पट, दणका चौपट," हे त्यांचं वाक्य. पोरं ते पाढ्यासारखं म्हणत आणि पाढ्यासारखीच विसरत.

थांबायची ती सवय त्यांना पहिल्यापासून नव्हती. ती सुलभा गेल्यापासून लागली.

सुलभा आठवीतली. पलीकडच्या वाडीतली. वाडीतल्या सगळ्या पोरांना शाळा सुटली की वळणाशी रस्ता ओलांडावा लागे. मालवण-वेंगुर्ल्याकडून मुंबईला जाणारे मासळीचे ट्रक त्या उताराला सुटायचे. बर्फ वितळायच्या आत माल पोचवायचा असतो, त्यांना कुणाची शाळा सुटली आहे ते काय ठाऊक. वळणावर फणसाचं मोठं झाड, पलीकडचं काही दिसायचं नाही. शाळा सुटून पाच मिनिटं झाली नव्हती. सर वर्गात फळा पुसत होते. त्यांनी ट्रकचा आवाज ऐकला होता आणि तो थांबलेलाही ऐकला होता. ते धावत गेले. मी पायरीपर्यंत गेले आणि तिथेच थांबले. बर्फाचं पाणी आणि बांगडे रस्त्यावर पसरले होते. सुलभाला सरांनी उचललं, ते मी लांबूनच पाहिलं.

त्यानंतर सरांचं एकच काम झालं. त्या वळणावर पुन्हा पोर दगावता कामा नये. त्यांनी गतिरोधकासाठी अर्ज केले. उत्तर आलं, राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक घालता येत नाही. पाटी लावून घेतली, 'सावकाश जा, पुढे शाळा आहे'. ती पावसाळ्यात आडवी झाली आणि कुणीतरी गोठ्याला लावली. मग कुठे कुठे खेटे घालून त्यांनी एक पोलीस आणवला. हवालदार फणसाखाली खुर्ची टाकून बसला, आणि तो बसला होता तोवर गाड्या अशा चालत की जणू आत बाळंतीण बसली आहे. पण समोरून येणारे ड्रायव्हर एकमेकांना दिवे मारून सांगायचे. हवालदार जेवायला उठला, की ते सुद्धा दिव्यांनीच कळायचं. पंधरवड्याने हवालदार गेला आणि पहिल्यासारखं सुरू झालं.

याच सुमारास सरांना एका विज्ञानाच्या मासिकात एक लेख सापडला. परदेशात म्हणे रस्त्याच्या कडेला एक यंत्र उभं करतात. गाडी ठरलेल्या वेगापेक्षा जोरात गेली की ते आपोआप फोटो काढतं, आणि दंड घरपोच येतो. सर ते मासिक आठवडाभर काखेत घेऊन फिरत होते. "बाई, त्या यंत्राला पगार नको, तंबाखू नको, जेवायची सुट्टी नको. आणि आत फिल्म आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. नुसती पेटी असली तरी गाड्या हळू होतात." मी म्हटलं, रत्नागिरीत लग्नाचे फोटो धुऊन मिळायला महिना लागतो, तोवर तो ट्रक चार वेळा मुंबईला जाऊन येईल. मला वाटलं होतं ते हसतील. ते म्हणाले, "फोटो दुय्यम आहे हो. कुणीतरी बघतंय, एवढं वाटलं पाहिजे."

त्या उन्हाळ्यात आम्ही पेपर तपासायला चिपळूणला चाललो होतो. घाटात एका वळणावर रस्त्याकडेला एक देऊळ आहे, देऊळ कसलं, चार हातांची घुमटी. ड्रायव्हरने गाडी पार मुंगीच्या पावलांनी नेली, हॉर्न वाजवला, कंडक्टरने खिडकीतून नाणं टाकलं, सगळ्या गाडीने हात जोडले. मीही जोडले. शेजारी बसलेले सर वळून वळून मागे बघत होते. मागून येणारा ट्रक हळू झाला, त्याच्यामागची जीपही हळू झाली. सर माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचा चेहरा आनंदाने नुसता फुलला होता.

"बाई, बघितलंत? हा कॅमेरा."

पुढे चिपळूण येईपर्यंत ते खिडकीतून मागच्या गाड्याच मोजत होते. मला तेव्हाच समजायला हवं होतं, पण मला वाटलं, ऊन लागलं असेल.

शिमग्याच्या आधी ते माझ्याकडे आले आणि रत्नागिरीच्या बाजारातून शेंदूर आणाल का म्हणून विचारलं. स्वतः दुकानात जाऊन शेंदूर मागायची त्यांना लाज वाटत होती. मी म्हटलं, लाज वाटते तर करू नका. म्हणाले, "लाज माझ्यापुरती आहे. रस्ता सगळ्यांचा आहे." मी शेंदूर आणला, आणि आपण होऊन एक लहान घंटाही आणली. नुसत्या शेंदराला ड्रायव्हर फसणार नाहीत असं माझं मत होतं.

शिमग्यात पालखी सहाणेवर, म्हणजे देवळाबाहेरच्या तिच्या चौथऱ्यावर बसली की अख्खा गाव तिथे असतो, वळणावर कुत्रं फिरकत नाही. ती वेळ साधून सरांनी फणसाखाली जांभ्याचा एक दगड रोवला, तेलात कालवून शेंदूर लावला, फांदीला घंटा बांधली, एक भगवं फडकं लावलं आणि खोलीवर येऊन रेडिओ लावून बसले. पालखी नाचवून परत येणाऱ्यांना देव दिसला. चार दिवसांत बाबू गुरवाने सांगितलं, हा इथला जुना राखणदार, रस्ता रुंद करताना याला गाडून टाकलं होतं, तो वर आला. आठ दिवसांत वाडीतल्या एका म्हातारीच्या स्वप्नात तो येऊन गेला. आणि पंधरा दिवसांच्या आत लांज्याकडून उतरणारा पहिला मासळीचा ट्रक वळणावर हळू झाला, त्याने हॉर्न दिला आणि नाणं टाकलं.

त्यानंतरची दोन-अडीच वर्षं शिरधनकर सर सुखी होते, असं मी छातीवर हात ठेवून सांगेन. वळणावर साधं सायकलवाल्याला खरचटलं नाही. गोव्याच्या लक्झरी बस थांबून नारळ फोडायच्या. शाळा सुटली की पोरं रमतगमत रस्ता ओलांडायची. आणि एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की शेजारच्या वर्गात सर सलग बोलत आहेत. खाली ट्रक जातो आहे आणि वाफेपासून उष्णतेपर्यंतचं वाक्य एका दमात पुरं होतं आहे. मधल्या सुट्टीत मी ते त्यांना सांगितलं. ते खुदकन हसले. "माणसाला शिस्त लागत नाही बाई, भीती लागते. भीतीसुद्धा फुकट मिळाली आपल्याला." गावात मात्र त्यांची चेष्टा व्हायची. सगळा गाव हात जोडी आणि हे एकटे त्या दगडासमोरून छत्री फिरवत ताठ निघून जात. बाबू म्हणे, सर, एक दिवस तो तुमाला बघून घेयाल. सर म्हणत, बघू दे, बघायलाच बसलाय तो.

मग पाचवीतला दिनू गेला.

वळणावर नव्हे. वळणाच्या पुढे रस्ता सरळ होतो आणि उतरत उतरत वाडीखालच्या मोरीवर, वहाळावरच्या बुटक्या पुलावर येतो. तिथे पूर्वी कधी काही झालं नव्हतं. दिनू शाळेतून घरी जाऊन, दप्तर टाकून गुरं आणायला निघाला होता, आणि मोरीवर त्याला एका लक्झरीने उडवलं. आम्ही गेलो तेव्हा ड्रायव्हर पायरीवर बसून रडत होता. खोटं रडत नव्हता. केबिनमध्ये पुढच्या काचेशी ओल्या खोबऱ्याची शकलं ठेवली होती. तो प्रत्येकाला एकच विचारत होता, आत्ता वर देवाला नारळ दिला, दोन मिनिटं झाली नाहीत, मग असं कसं झालं? कुणापाशी उत्तर नव्हतं. शिरधनकर सरांपाशी होतं, आणि ते त्या खोबऱ्याकडे बघत उभे होते.

दुसऱ्या दिवसापासून ते मोरीवर जाऊन बसू लागले. शाळा सुटली की थेट तिथे. आठवडाभराने स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं तेव्हा मला म्हणाले, "वळणावर जेवढ्या हळू होतात ना बाई, त्याच्या दामदुपटीने मोरीवर सुटतात. वर हात जोडले, नाणं टाकलं, की मोकळे. आता काळजी देवाची. मी वेग कमी केलाच नाही. वळणावरून उचलून मोरीवर ठेवला." मी म्हटलं, वळणावरची पोरं तर वाचली. ते म्हणाले, "दिनूच्या आईला सांगाल हे?" मी सांगणार नव्हते, आणि सांगणं शक्यही नव्हतं.

त्या महिन्यातच त्यांनी गावाला देवळात जमवलं. नास्तिकाने देवळात सभा बोलावली म्हणून झाडून सगळे आले. सरांनी उभं राहून सरळ सांगितलं. तो राखणदार नाही. तो जांभा दगड आहे, मी शिमग्यात रोवला, शेंदूर मी फासला, गाड्या हळू व्हाव्यात म्हणून. आता त्याच्यामुळेच पुढे माणूस मरतो आहे. तो काढू या आणि सगळे मिळून खऱ्या गतिरोधकासाठी रस्त्यावर बसू या. शेंदूर कुठून आला ते त्यांनी सांगितलं नाही. मी बायकांत बसले होते. मला वाटलं, आता यांना लोक मारणार.

कुणी आवाजही चढवला नाही. बाबू गुरव उठला आणि अगदी मायेने बोलला.

"सर, तुमी नाय बसवलात. त्येनं तुमच्या हातून बसवून घेतलान. आमच्यातल्या कोनी बसवला असता तर लोक म्हनले असते, पैशासाठी केलान. तुमी तर देव मानीत नाय. म्हनून तुमाला धरलान."

देवळातल्या लोकांनी माना डोलवल्या. इतकं स्पष्ट होतं ते, आणि आजवर कुणाला सुचलं नव्हतं. सर बोलू लागले, की वेग, भीती, मोरी. पण त्यांचं बोलणं आता शिक्षकाचं राहिलंच नव्हतं. लोक त्यांच्याकडे, देवाने ज्याला हाताशी धरलं त्याच्याकडे बघतात तसे बघत होते. कुणीतरी म्हणालं, मोरीवर दुसरा बसवू, सरांच्याच हातून. सर म्हणाले, "आणि मग त्याच्या पुढे? मुंबईपर्यंत बसवत जायचं?" त्यावर एक जण मनापासून म्हणाला, बसवू की, दगडाला काय तोटा आहे.

तेवढ्यात सुलभाची आई उठली. ही बाई कधी चार माणसांत बोललेली नव्हती. ती येऊन सरांच्या समोर उभी राहिली.

"माजी पोर गेली तवा कोन आला नाय, सर. साहेब नाय, पोलीस नाय. ह्यो आला. ह्येला तरी ऱ्हाऊ दे."

सर खाली बसले.

आमच्याकडे कुठलीही गोष्ट अडली, की ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. राखणदार हलवू का, म्हणून कौल लावला. डावी पडली. परत येताना सर मला म्हणाले, देवळाचं दार डाव्या अंगाला आहे, वारा तिकडून येतो, ती कळी आधी सुकते. या देवळात सगळे कौल नकाराचेच असतात. मी विचारलं, मग तिथे का नाही बोललात? पण सांगून काय होणार होतं? कुणीतरी म्हटलं असतं, वारा तरी कुणाचा.

त्यानंतर त्यांचे हाल माझ्याने बघवेनात. वळणावरचा पहिला नारळ त्यांच्या हातून फोडायचा, असं गावाने ठरवलं. बाया वाटेत थांबून पोरं त्यांच्या पायावर घालू लागल्या. ते पाय मागे घेत. पुढच्या पावसाळ्यात मोरीवर एक म्हातारा गेला, गवताचा भारा घेऊन चालला होता. त्यानंतर एक दुधवाला सायकलसकट गेला. सरांनी पुन्हा अर्ज केले, पुन्हा तीच उत्तरं आली. वर्गात ते परत थांबू लागले, पण आता वळण पार झालं तरी त्यांना पुढचा शब्द सापडत नसे. खरंच विसरत. पोरं शब्द सुचवायची आणि ते "हो, हो, तेच" म्हणायचे. मला ते ऐकवत नसे, मी माझ्या वर्गाचं दार लावून घ्यायची. त्याच वर्षी माझी रत्नागिरीच्या शाळेत बदली झाली, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

पुन्हा त्या रस्त्याने जाण्याचा प्रसंग आला तो लांज्याला एका लग्नासाठी. तोवर सर निवृत्त झाले होते, ते मालगुंडला परत गेले असतील असं मी धरून चालले होते. वळणावर आता सिमेंटचा चौथरा, पत्र्याचं छप्पर, कडेला नारळाची दोन दुकानं. आमची एसटी थांबली, ड्रायव्हरला नारळ फोडायचा होता. मी खिडकीतून पाहिलं आणि खाली उतरले.

शिरधनकर सर चौथऱ्यासमोर उभे होते. काखेत छत्री नव्हती. डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि ओठ हलत होते. मी जवळ गेले तेव्हा ऐकू आलं, बाबू घालतो तेच गाऱ्हाणं, शब्दन् शब्द. बा देवा म्हाराजा, वाडीतली पोरंबाळं सुखरूप घराक येऊ देत, रस्त्यावर कोनाचा अपघात होऊ नये, रे म्हाराजा. मला रडूच फुटलं. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं, आणि ते लाजले नाहीत, हे मला फार लागलं.

"तो दगड आहे हे मला माहीत आहे, बाई," ते म्हणाले. "पण बाकी सगळ्यांना सांगून झालं. एवढा एकच उरला होता."

मी काही म्हणणार एवढ्यात लांज्याकडून मासळीचा ट्रक आला आणि हळू होत आमच्या शेजारी थांबला. ड्रायव्हर पोरगेलासा होता. उडी मारून खाली आला, कपाळाला शेंदूर लावला, नाणं टाकलं. सर त्याच्याकडे वळले आणि तेच जोडलेले हात त्याच्यासमोर धरून म्हणाले, "बाबा रे, पुढे मोरी आहे. पोरं असतात. हळू जा."

पोराने वाकून सरांच्या पायाला हात लावला. "काय नाय होयाचा काका," तो हसत म्हणाला, "देव हाय ना."

ट्रक सुटला. मोरीच्या बाजूला त्याचा वेग वाढत गेला, तो दिसेनासा होईपर्यंत सर बघत राहिले. मग ते पुन्हा दगडाकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. आमच्या कंडक्टरने घंटी मारली, मी गाडीत जाऊन बसले.